लस घ्या नाहीतर मास्क लावा: एका हॉस्पिटलातल्या फ्लू लसीच्या सक्तीचं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलचं आहे. नाव-गाव काढून टाकलंय, माणसांचे हुद्दे ठेवलेत, आणि एकदोन ठिकाणी वॉर्ड बदललाय म्हणजे कोणी ओळखू नये. मी तेव्हा इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मीटिंगची मिनिट्स लिहायचे, त्यामुळे कोण काय म्हणालं, कुठल्या वाक्यावर कोणाचा आवाज चढला हे जवळून बघायला मिळालं. सक्ती बरोबर की चूक हा निकाल इथे लावलेला नाही. एकेका वळणावर काय ठरलं आणि का ठरलं ते लिहिलंय.

पार्श्वभूमी

हॉस्पिटलात एक लाँग स्टे वॉर्ड होता. पक्षाघात झालेले, फुफ्फुसं खराब झालेले, डायलिसिस सुरू असलेले, बहुतेक सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे पेशंट, आठवडे न आठवडे तिथेच. शेजारीच डायलिसिस युनिट आणि त्याच मजल्यावर केमोचे बेड. म्हणजे फ्लू झाला तर ज्यांना सगळ्यात जास्त भोवेल अशी सगळी माणसं एका मजल्यावर.

स्टाफला फ्लूची लस दरवर्षी फुकट मिळायची. पण मिळायची कशी, तर ओपीडीच्या कोपऱ्यात एक टेबल, सकाळी दोन तास, तेही ठरावीक दिवशी. नाईटवाल्यांनी ड्युटी संपवून तिथे ताटकळायचं. घेणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खालीच असायचं आणि त्यात डॉक्टरही फार पुढे नव्हते, हे पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मग एका सीझनला या वॉर्डात आठवड्याभरात एकामागोमाग एक ताप सुरू झाले. स्वॅब पाठवले, इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच निघाला. दोघांना आयसीयूत हलवावं लागलं, त्यातले एक आजोबा गेले. त्याच आठवड्यात वॉर्डातला काही स्टाफही खोकत होता. आता हा व्हायरस आणला कोणी, नातेवाइकांनी, नव्याने भरती झालेल्या पेशंटने की स्टाफने, हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि कळणं शक्यही नव्हतं, कारण फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच व्हायरस सोडायला लागतो आणि काहींना तर लक्षणं दिसतही नाहीत. पण हॉस्पिटलात अशा वेळी चर्चा एकाच बाजूला वळते.

अडचण नेमकी काय होती

डायरेक्टर सरांनी सर्क्युलर काढलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "पुढील सीझनपूर्वी सर्व कर्मचाऱ्यांनी इन्फ्लुएन्झा लस घेणे बंधनकारक आहे, अन्यथा ड्युटी दिली जाणार नाही." बोर्डावर लागलं सकाळी, आणि दुपारच्या चहापर्यंत कोणीतरी त्या "अन्यथा"खाली लाल पेनने रेघ मारून ठेवली होती.

वरवर बघितलं तर भांडण लसीचं वाटत होतं. लसीने फ्लू होतो, मागच्या वर्षी घेतली तर दोन दिवस अंग मोडून आलं, वगैरे नेहमीची वाक्यं होतीच. त्यांना उत्तरंही होती: इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच, हात दुखणं किंवा एकदोन दिवस कणकण ही शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात म्हणून मधल्या काळात खराच फ्लू गाठला की माणूस लसीला दोष देतो. मेट्रन मॅडमनी हे सगळं समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि तरीही कोणी तयार होईना.

खरी गोष्ट बाहेर आली ती मीटिंगमधे. लाँग स्टेच्या एक सीनियर सिस्टर, फार बोलत नाहीत एरवी, त्या म्हणाल्या, "सर, त्या आठवड्यात मला १०१ ताप होता. मी फोन केला तर सांगितलं रिप्लेसमेंट नाही, या. मी गोळी घेऊन आले. आता तुम्ही म्हणताय लस न घेतल्याने पेशंटला धोका झाला. मला घरी राहू दिलं असतं तर?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. मी मिनिट्समधे हे कसं लिहावं हा प्रश्न पडला, शेवटी जसंच्या तसं लिहिलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की आजारी असताना कामावर बोलावणारं, रजेचे पैसे कापणारं आणि पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेट मागणारं मॅनेजमेंट आता पेशंटच्या सेफ्टीच्या नावाने दंडात सुई टोचायला निघालंय. लसीवर ज्यांचा पूर्ण विश्वास होता अशा लोकांनाही हे पटत होतं, आणि डायरेक्टर सरांना तेच समजत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा लसीचे फायदे सांगत राहिले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरांचाच, सरसकट सक्ती. याच्या बाजूने सगळ्यात नीट बोलले ते छातीविकाराचे डॉक्टर. त्यांचा मुद्दा साधा होता. वयस्कर माणसाला लस दिली तरी त्याचं शरीर तरुणाइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून त्याच्या आजूबाजूच्यांनी घेणं हाच त्याचा आधार. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने फ्लूमुळे श्वसनाच्या आजाराने जगात वर्षाला २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक जातात, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त. शिवाय सक्तीने आकडा वाढतो हे सिद्ध झालेलं आहे: अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन मेडिकल सेंटरने २००५ मधे नोकरीची अट म्हणून ही लस लावली आणि तिथे प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. नुसत्या आवाहनाने कुठल्याच हॉस्पिटलात सहसा इतकं होत नाही. "हिपॅटायटिस बीची लस घेताना कोणी ओरडत नाही, मग हिलाच का?" असं ते म्हणाले.

यावर उत्तर दिलं एका ज्युनियर मायक्रोबायॉलॉजिस्टने, आणि मला वाटतं अख्ख्या वादातलं सगळ्यात कामाचं बोलणं तेच होतं. हिपॅटायटिस बीचे डोस एकदा पूर्ण झाले की संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. फ्लूची लस दरवर्षी नवी. डब्ल्यूएचओ फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमधे दक्षिण गोलार्धासाठी लसीत घालायचे स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे प्रकार, सुचवते, तो अंदाज महिनोन्महिने आधी करावा लागतो कारण लस बनवायला तेवढा वेळ जातो. अंदाज जुळला तर ४० ते ६० टक्के संरक्षण, आणि फसला तर २०१४-१५ मधे अमेरिकेत झालं तसं, जेमतेम १९ टक्के. म्हणजे लस चांगलीच आहे, ती स्वतः दरवर्षी घेते, पण "घेतली म्हणजे हा माणूस सुरक्षित, नाही घेतली म्हणजे हा धोकादायक" अशी सरळ रेघ मारता येत नाही.

आणि स्टाफने घेतल्याने पेशंटचे मृत्यू किती टळतात? याचा पुरावा मुख्यतः वृद्धांच्या केअर होममधे झालेल्या चार ट्रायल्सवर उभा आहे. त्यात परिणाम मोठा दिसला होता. पण २०१७ मधे कॅनडातल्या संशोधकांनी त्यांचं गणित पुन्हा मांडलं आणि दाखवलं की ते आकडे सगळ्या कर्मचाऱ्यांना लावले तर फ्लूने मुळात जितकी माणसं मरतात त्यापेक्षा जास्त वाचली असं उत्तर येतं, जे शक्यच नाही. त्यांच्या हिशोबाने हॉस्पिटलमधे एक मृत्यू टाळायला ६ हजार ते ३२ हजार कर्मचाऱ्यांना लस द्यावी लागेल. छातीविकारवाले सर यावर चिडले, म्हणाले पुरावा कमकुवत आहे म्हणजे परिणाम शून्य आहे असं होत नाही. तेही खरंच आहे. पण एखाद्याची नोकरी पणाला लावायची तर पुरावा किती पक्का हवा, हा प्रश्न त्या दिवशी टेबलावर आला आणि मग हटलाच नाही.

दुसरा पर्याय मधला मार्ग म्हणून पुढे आला: लस घ्या, नाहीतर सीझनभर मास्क लावा. ऐकायला किती समंजस वाटतं! एचआरला तर हाच हवा होता. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मधे हेच धोरण आणलं होतं. पण युनियनच्या प्रतिनिधीने अभ्यास करून ठेवला होता. कॅनडातल्याच ओंटॅरिओ प्रांतात नर्सेसच्या युनियनने याच धोरणाविरुद्ध दाद मागितली आणि २०१५ मधे, मग पुन्हा २०१८ मधे, लवादाने ते अवाजवी ठरवलं, कारण लक्षणं नसलेल्या, लस न घेतलेल्या नर्सने मास्क लावल्याने पेशंटला फायदा होतो याचा पुरावा फारच तोकडा निघाला. ब्रिटिश कोलंबियानेही २०१९ मधे ती सक्ती काढून घेतली. प्रतिनिधीने मग एकच प्रश्न विचारला: "समजा या वर्षी लस जुळली नाही असं कळलं, तर लस घेतलेल्यांनाही मास्क लावायला सांगणार का?" एचआर मॅडम म्हणाल्या, "नाही, तसं काही ठरलेलं नाही." "मग मास्क इन्फेक्शनसाठी नाहीच, शिक्षेसाठी आहे."

माझ्या मते मास्कचा पर्याय तिथेच मेला, जरी मिनिट्समधे तो पुढच्या मीटिंगपर्यंत जिवंत होता.

तिसरा पर्याय, सोय वाढवा आणि सगळं ऐच्छिक ठेवा, हा बोलायला सोपा होता, पण आजोबा गेलेल्या वॉर्डासमोर उभं राहून "बघू या" म्हणण्यासारखं होतं. आणि चौथा, ज्यावर सुरुवातीला कोणाचंच लक्ष नव्हतं, मेट्रन मॅडमचा: अख्ख्या हॉस्पिटलला एक नियम लावूच नका. अकाउंट्समधला क्लार्क आणि केमोच्या बेडशेजारची सिस्टर यांना एकाच तराजूत कशाला?

काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे सर्क्युलर मागे घेतलं. यावर दोन मीटिंग गेल्या, कारण सरांना वाटत होतं की मागे घेतलं तर आपण लसीच्या विरोधात आहोत असा अर्थ निघेल. शेवटी शब्द असे निघाले की सर्क्युलर "स्थगित" आणि एक सीझन नवीन पद्धत. मान राहिला, काम झालं.

नव्या पद्धतीत उत्तर देणं सक्तीचं, लस घेणं नाही. प्रत्येकाने लस घ्यायची किंवा नकाराच्या फॉर्मवर सही करायची, आणि सही करण्याआधी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरशी दहा मिनिटं बोलायचं. फॉर्मवर कारणाचा रकाना ठेवायचा का यावर बराच खल झाला. ठेवला नाही. बोलताना मात्र लोक कारण आपणहून सांगायचेच. एक वॉर्डबॉय मामा म्हणाले अंड्याची ॲलर्जी आहे, त्यांना कळलंच नव्हतं की आता अंड्याची ॲलर्जी असली तरी लस घेता येते; त्यांनी तिथेच बाही वर केली. एका टेक्निशियनला पूर्वी लसीनंतर काही आठवड्यांत गिया-बारे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा दुर्मीळ आजार) झाला होता, त्याच्या बाबतीत डॉक्टरांनीच घेऊ नको म्हणून सांगितलं. गिया-बारेची भीती बऱ्याच जणांच्या मनात होती, ती कुठून आली तर १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लसीवरून, तेव्हा साधारण लाखात एक जादा केस दिसली होती. आताच्या लसींत हा धोका असलाच तर दहा लाखांत एकदोन इतका, आणि खुद्द फ्लू झाल्यानेही गिया-बारे होऊ शकतो. सर्क्युलरमधे हे लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, खुर्चीवर समोरासमोर बसून सांगितल्यावर ऐकलं.

दुसरं, टेबल बंद, ट्रॉली सुरू. कोल्ड बॉक्समधे २ ते ८ डिग्रीवर लस, सोबत जोरदार ॲलर्जी आलीच तर ॲड्रिनॅलिनचा किट, आणि ट्रॉली प्रत्येक शिफ्टला वॉर्डात. नाईटला ती मध्यरात्रीनंतर फिरायची, तेव्हा औषधं देऊन झालेली असतात. ट्रॉलीची पहिली फेरी मात्र डॉक्टर्स लाउंज आणि मॅनेजमेंटच्या मजल्यावर झाली, ही मेट्रन मॅडमची अट होती. डायरेक्टर सरांनी सगळ्यांसमोर घेतली. ज्या कन्सल्टंट डॉक्टरांनी "मी बघतो नंतर" म्हटलं त्यांनाही तोच फॉर्म, तीच दहा मिनिटं. हे झाल्यावर वॉर्डातली भाषा बदलली.

तिसरं, रजा. ताप आणि खोकला असेल तर घरी थांबायचं, पहिल्या तीन दिवसांना सर्टिफिकेट नको, पगार कापायचा नाही. फायनान्सने यावर सगळ्यात जास्त विरोध केला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता.

चौथं, लाँग स्टे, डायलिसिस आणि केमो या तीनच ठिकाणी वेगळा नियम: फ्लूच्या केसेस सुरू झाल्या की लस न घेतलेल्यांना त्या काळापुरती दुसऱ्या वॉर्डात ड्युटी, पगार-ग्रेडला धक्का नाही. आणि मास्क, तर जो खोकतोय त्याने, लस घेतली असो वा नसो.

एक गोष्ट मधेच घुसडली गेली आणि मधेच काढावी लागली. एचआरने लस घेतलेल्यांच्या आयडी कार्डवर हिरवा स्टिकर लावायला सुरुवात केली, प्रोत्साहन म्हणून. थोड्याच दिवसांत एका पेशंटच्या मुलीने काउंटरवर येऊन सांगितलं की आईला हिरव्या स्टिकरवालीच सिस्टर द्या. ज्या सिस्टरला तिने नाकारलं त्या गरोदर होत्या आणि त्यांनी लस पहिल्याच आठवड्यात घेतली होती, स्टिकर लावलेलं कार्ड फक्त ॲप्रन बदलताना राहिलं होतं. संध्याकाळी सगळे स्टिकर निघाले.

निकाल

सीझनच्या अखेरीला लस घेणारे साधारण तीन चतुर्थांशावर गेले. सगळ्यात मोठी उडी नाईट शिफ्ट आणि सफाईच्या मावश्यांमधे, म्हणजे ज्यांना आजवर "हे ऐकतच नाहीत" म्हटलं जायचं त्यांच्यात. त्यांच्यापर्यंत कोणी लस घेऊन गेलंच नव्हतं, एवढाच मामला होता. डॉक्टरांचा आकडा वाढला पण मावश्यांच्या मागेच राहिला, आणि तो आकडा बोर्डावर लावायचा की नाही यावर वेगळी गरमागरमी झाली. लावला नाही.

लाँग स्टेमधे त्या सीझनला फ्लूच्या एकदोन सुट्या केसेस झाल्या, साथ पसरली नाही. पण सीझनच मुळात सौम्य होता, तेव्हा हे आपल्यामुळे झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ॲन्युअल रिपोर्टमधे मात्र तसं छापून आलं.

आजारपणाच्या रजा वाढल्या, रोस्टर लावताना मेट्रन मॅडमचे हाल झाले. आणि चौथ्या नियमाची खरी अडचण डायलिसिसला दिसली: तिथले ट्रेंड लोक मोजके, त्यातल्या दोघांनी लस नाकारलेली, त्यांना हलवलं तर मशीन चालवणार कोण? एकाला हलवलं. दुसरीला हलवता आलं नाही, ती पूर्ण सीझन तिथेच राहिली, नियम कागदावर राहिला आणि ज्याला हलवलं त्याने रास्त प्रश्न विचारला की मग मलाच का.

वेगळं काय करता आलं असतं

रजेचा नियम सर्क्युलरच्या आधी यायला हवा होता, नंतर तडजोड म्हणून नाही. तो आधी आला असता तर कदाचित "अन्यथा" लिहायची वेळच आली नसती, किंवा लिहिलं असतं तरी त्याला इतकी धार आली नसती.

दुसरं म्हणजे, नकाराचा फॉर्म मऊ पर्याय आहे हे मान्य करायला हवं. व्हर्जिनिया मेसनसारखं प्रमाण त्याने येत नाही, उरलेल्या पाव हिश्शाची किंमत कोणीतरी मोजतं आणि मोजणारा बहुधा बेडवर असतो. मला विचाराल तर एक वर्ष सोयी नीट देऊन झाल्यावर फक्त लाँग स्टे आणि केमोपुरती सक्ती मी समजू शकते, बाकी हॉस्पिटलसाठी नाही. पण ती करायची तर लस वेळेत आणि पुरेशी हातात हवी. न्यूयॉर्क राज्याने २००९ मधे आरोग्य कर्मचाऱ्यांना सक्ती केली आणि ऑक्टोबरमधेच लसीच्या तुटवड्यामुळे ती स्थगित करावी लागली. असं एकदा झालं की पुढच्या वर्षी तुमचं कोणी ऐकत नाही.

तिसरं, डायलिसिसचा पेच आधीच दिसायला हवा होता. नियम लिहिताना युनिटच्या इनचार्जना बोलावलंच नव्हतं. अर्धा तास त्यांच्याशी बोललं असतं तर कळलं असतं की तिथे बदली हा पर्यायच नाही, म्हणजे मग एक तर आणखी लोक ट्रेन करा, नाहीतर दुसरी उपाययोजना लिहा.

आणि नातेवाईक. पूर्ण वादात स्टाफच्या लसीवर इतकी चर्चा झाली, पण लाँग स्टेमधे रोज येणारे मुलगे, सुना, नातवंडं यांचा विषय मिनिट्समधे एकदाच आलाय, "पुढे पाहू" असं लिहून. खोकणाऱ्या भेटवाल्याला दारात थांबवायचं कोणी, सिक्युरिटीने की सिस्टरने, हेसुद्धा ठरलं नव्हतं. कंत्राटी स्टाफचंही तसंच, त्यांच्या रजा एजन्सीच्या हातात, त्यामुळे तापात घरी बसा हा नियम त्यांना लागूच होत नव्हता, आणि वॉर्डात फरशी पुसायला, जेवणाच्या ट्रे फिरवायला तर तेच असायचे. पुढच्या सीझनच्या पहिल्या मीटिंगच्या अजेंड्यावर एजन्सीच्या करारात पगारी आजारपणाची रजा घालण्याचा विषय पहिल्या क्रमांकावर आहे, लाँग स्टेपुरत्या सक्तीचा त्याच्या खाली. फायनान्सने पहिल्या विषयावर आताच आक्षेप पाठवलाय.